श्रद्धेचे वळण घरातच लागते
ख्रिस्ती कुटुंबांतील आजी-आजोबा, पालक आणि मुले यांच्यासाठी काही विचार

शनिशिंगणापुरास प्रथमच येणारा पाहुणा शनिदेवाच्या चौथऱ्याइतकाच गावातील घरांकडे पाहून चकित होतो. घरांना चौकटी आहेत, परंतु परंपरेने कवाडे नाहीत. या परंपरेचा मान एवढा, की २०११ साली युको बँकेने येथे शाखा उघडली, तीही कुलपाविना. या परिसरात वैद्यकीय व्यवसाय करताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आहे. येथील मुलाला विश्वासाचा अर्थ कोणी समोर बसवून शिकवीत नाही. ते त्या उघड्या चौकटीतून दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करते, रात्री आजोबांना निश्चिंत झोपलेले पाहते आणि मोठे होते. शिकवण मागाहून शब्दांत येते; वळण आधीच लागलेले असते.

मी स्वतः मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढलो. आमच्या नेवासे तालुक्यात ख्रिस्ती मंडळी काही नवी नाहीत. घोडेगावहून संभाजीनगरच्या दिशेने थोडे पुढे गेले, की वडाळा बहिरोबा लागते. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे राहून काम केले. अशा जुन्या घरांतील तरुण आई-वडील माझ्याकडे वडीलधाऱ्यांना तपासण्यासाठी घेऊन येतात आणि उठता उठता विचारतात, “डॉक्टर, मुले प्रार्थनेला बसतच नाहीत. चर्चमध्ये चुळबुळ करतात. त्यांना श्रद्धा शिकवायची तरी कशी?” हा प्रश्न खरे तर पाळकांना वा फादरांना विचारावा. तरीही मी त्यावर लिहीत आहे, कारण त्याचे उत्तर मला एका रुग्णाच्या शुश्रूषेतून मिळाले. ती रुग्ण माझी आई होती.

आईची दिवेलागण

आईला पंचाहत्तरीनंतर विस्मरणाचा विकार जडला. प्रथम चष्मा, मग किल्ल्या, मग माणसांची नावे हरवू लागली. दिवेलागणीस ती अस्वस्थ होई आणि दर पाच मिनिटांनी विचारी, “प्रार्थनेची वेळ झाली का?” आमच्या घरी पूर्वी सायंप्रार्थना नियमाने होत असे, परंतु माझा दवाखाना आणि पत्नीची नोकरी यांत ती केव्हा बंद पडली, हे आम्हालाही कळले नव्हते. आईचा तो प्रश्न मी आजाराचे लक्षण मानून नोंदवून ठेवला. आठ वर्षांच्या मुलीच्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये आणि आजीची ती अवस्था तिने पाहू नये, म्हणून तिची संध्याकाळची बैठक मी दुसऱ्या खोलीत हलविली. वैद्यकीय दृष्ट्या हे समंजसपणाचे आहे, अशी माझी समजूत होती.

एके संध्याकाळी दवाखान्यातून परतलो, तेव्हा मुलगी आजीच्या खाटेवर बसली होती. आजीने पुन्हा तेच विचारल्यावर ती सरळ “हो, झाली” असे म्हणाली होती. बस, एवढेच. आई गात होती. जिला सकाळी काय खाल्ले ते आठवत नव्हते, ती एका जुन्या भजनाची चारही कडवी एकही शब्द न अडखळता म्हणत होती आणि नात मागून म्हणत होती. त्यानंतर प्रार्थना पुन्हा रोज सुरू झाली. त्या वर्षभरात माझ्या मुलीने वीसेक गीते, प्रभूची प्रार्थना आणि तेविसावे स्तोत्र मुखोद्गत केले, तेही जी तिचे नाव विसरली होती त्या आजीकडून. आम्ही तिला काहीही ‘शिकविले’ नाही. शिकविणारीला मी अभ्यासाच्या खोलीपासून दूर ठेवले होते, याची रुखरुख मला आजही आहे.

यामागील शरीरशास्त्र

अल्झायमरसारख्या विकारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागास आरंभीच इजा पोहोचते. नव्या घटनांची नोंद करणे हे त्याचे काम. म्हणून कालचे आठवत नाही. परंतु लहानपणी सुरात, शेकडो वेळा म्हटलेली गीते मेंदूच्या अनेक भागांत रुजलेली असतात आणि बहुधा पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. विस्मरणाच्या अनेक रुग्णांना सायंकाळी अस्वस्थता वाढते, हाही सर्वपरिचित अनुभव आहे. अशा वेळी ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ओळखीचा सूर यांचा पुष्कळांना आधार वाटतो. हा उपचार नव्हे. गीतांनी आजार बरा होत नाही आणि प्रत्येक रुग्ण गाईलच असेही नाही. परंतु घरातील वृद्धाला काही देता येते, केवळ घ्यावेच लागत नाही, ही जाणीव त्याचे मन उभे करते.

लहान मुलांची प्रकृतीही याला अनुकूल असते. चार वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची असते आणि आजीला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची असते. घरात या दोघांचेच असे जुळते. मधल्या पिढीला तेवढा धीर नसतो. दाविदाने गोफणीने गल्याथाला कसे पाडले, पाच भाकरींत हजारो लोक कसे जेवले, हे आजीने शंभराव्यांदा सांगितले तरी मुलाला ते हवेच असते. मेंढपाळाचे स्तोत्र समजावून देण्यास आपल्या जिल्ह्यात तर चित्राचीही गरज नाही. पावसाळा सरला, की रस्त्याने मेंढरांचे कळप जातात. खांद्यावर काठी टाकलेला, लंगडे कोकरू उचलून घेतलेला धनगर नातवाला दाखवावा. पुढचे ते स्वतःच समजून घेते.

मराठी ख्रिस्ती घराचा वारसा

आपल्या नगर जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, १९०० साली घेतला. सोवळ्या-ओवळ्याची त्यांच्या मनातील गाठ कोणाच्या धाकाने सुटली नाही. ती त्यांच्याच विचाराने सुटली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टिळकांचे राहुरी व नगर येथील घर पोरक्या मुलांनी भरलेले असे. ख्रिस्ती उपासना मराठी माणसाला आपली वाटावी म्हणून टिळकांनी भजन आणि कीर्तन यांची कास धरली. त्यांची कितीतरी गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही चर्चमध्ये गाइली जातात. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि आजीच्या ‘स्मृतिचित्रां’ची साक्षेपी आवृत्ती पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सिद्ध केली. नवऱ्याचे काम पत्नीने पुढे नेले, आजीचे नातवाने. श्रद्धेचा वारसा असाच पुढे जातो.

म्हणून पालकांना माझी पहिली विनंती अशी, की मुलांची प्रार्थना मराठीतून राहू द्यावी. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी हरकत नाही. आजीशी जी भाषा बोलता येते, त्याच भाषेत देवाशीही बोलता आले, म्हणजे दोन्ही नाती टिकतात.

भीती नको, सक्ती नको

“खोटे बोललास तर देव शिक्षा करील” हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज येते. परंतु रात्री दचकून उठणारी, अंधारात एकटी जाण्यास घाबरणारी काही मुले मी तपासली आहेत, ज्यांच्या भीतीचे मूळ नरकाच्या वर्णनात होते. लहान मूल रूपक समजत नाही. ऐकते ते अक्षरशः खरे मानते. त्याला प्रथम क्षमा करणारा पिता भेटू द्यावा. उधळ्या पुत्राची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे.

मृत्यूविषयी बोलताना अधिक जपावे. पाच-सहा वर्षांखालील मुलास मृत्यू कायमचा असतो हे उमजत नाही. “आजोबा झोपले” असे सांगितले, तर ते झोपेलाच भिऊ लागते. “देवाला आवडले म्हणून नेले” असे सांगितले, तर आता देव आईलाही नेईल, या चिंतेत ते पडते. आधी सरळ सांगावे, की आजोबांचे शरीर फार थकले, ते थांबले, आता त्यांना दुखत नाही. त्यानंतर पुनरुत्थानाची आशा सांगावी. ती सांगताना आपल्या डोळ्यांत पाणी आले, तरी ते लपवू नये. श्रद्धा असलेली माणसेही रडतात, हे मुलाने पाहिलेले बरे.

मुलाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी असलेच पाहिजे, असे नाही. माझ्या मुलीने एकदा विचारले, “आजी देवाला विसरली, तर देव आजीला विसरेल का?” वैद्यकाच्या पुस्तकात याचे उत्तर नव्हते. मी “उद्या सांगतो” म्हणालो आणि आमच्या पाळकांना विचारले. त्यांनी यशयाच्या पुस्तकाचा एकोणपन्नासावा अध्याय काढून दिला. आई एखादे वेळी आपल्या तान्ह्याला विसरेल, परंतु देव विसरणार नाही, असा त्यातील एका वचनाचा आशय आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तो मिळून वाचला. मला वाटते, त्या रात्री मुलीपेक्षा मलाच अधिक शांत झोप लागली.

किशोरवयीन मुलगा चर्चला येण्यास नकार देतो, तेव्हा घरात रणधुमाळी माजते. आजोबा रागावतात, आई रडते. अशा वेळी वाद जिंकण्याचा प्रयत्न करू नये. त्याला एखादे काम सोपवावे: आजोबांना हाताला धरून उपासनेस नेणे, शास्त्रपाठ मोठ्याने वाचून दाखविणे, नाताळात तारा टांगणे. मत मागून बनते. उपयोगी पडण्याची गोडी आधी लागते.

उपासनेस जाताना

रविवारच्या उपासनेत आजी-आजोबा व नातवंडे शेजारी बसली, तर दोघांचीही सोय होते. काही गोष्टी मात्र पाळाव्यात.

• लहान मुलाकडून संपूर्ण उपासना निश्चल बसण्याची अपेक्षा नको. गीताच्या वेळी उभे राहणे, अर्पणाच्या थैलीत नाणे टाकणे, ‘आमेन’ म्हणणे एवढे आरंभी पुरे. प्रवचनाच्या वेळी शब्बाथशाळेची सोय असेल, तर तिचा लाभ घ्यावा.

• वृद्धांनी गुडघे टेकून झाल्यावर एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना झटकन उभे राहिल्यास भोवळ येते. गुडघे साथ देत नसतील, तर बसूनच प्रार्थना करावी.

• ऐकू कमी येत असल्यास पुढील बाकावर, परंतु ध्वनिक्षेपकापासून दूर बसावे. गीताचे पान काढून देण्याचे काम नातवाला द्यावे.

• उत्तम शुक्रवारची उपासना अनेक ठिकाणी दुपारी बारा ते तीन चालते आणि त्या दिवसांत आपल्याकडे ऊन कडक असते. सोबत पाणी ठेवावे, पंख्याजवळ बसावे, गरज वाटल्यास मध्येच बाहेर यावे.

• मधुमेहाच्या रुग्णांनी, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. कॅथोलिक धर्मसभेच्या नियमानुसार राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार यांचा उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच बंधनकारक आहे आणि आजारी माणसाला त्यातून मोकळीक आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीचा एक तासाचा उपवासही वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना लागू नाही. आजी गोळीबरोबर दोन घास खाऊन मिस्साला जाते, हे मुलाने पाहावे. देव माणसाला भोवळ आणू इच्छित नाही, हाही धर्मशिक्षणाचाच भाग आहे.

• सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस वृद्धांना व मुलांना नेताना दोघांच्याही खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. गर्दीत हरविण्याचा धोका दोघांना सारखाच असतो.

• जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी पाळकांना वा फादरांना घरी बोलवावे. प्रभुभोजन खाटेपाशी दिले जाते, तेव्हा मुलांना बाहेर पिटाळू नये. चर्च आजारी माणसाच्या घरी चालत येते, हे त्यांना तेव्हाच दिसते.

दहा मिनिटे पुरेत

ज्या घरांत सायंप्रार्थना बंद पडली आहे, त्यांनी एकदम तासाभराचा नेम करू नये. तो टिकत नाही. दहा मिनिटे घ्यावीत: एक गीत, शास्त्रातील पाच-सहा ओळी आणि दिवसभरातील एका चांगल्या गोष्टीबद्दल प्रत्येकाने आभार. वेळ व जागा मात्र एकच असावी. शक्य तर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या खाटेपाशी. दूरचित्रवाणी बंद, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत. आई-वडील उशिरा परतत असतील, तर आजी-आजोबांनी व नातवंडांनी आरंभ करावा. शुश्रूषेने शिणलेल्या सुनेला किंवा मुलीला त्या दहा मिनिटांत नुसते बसून राहू द्यावे. तिच्याकडून पाणी वा चहा मागू नये.

आई जाऊन आता बरीच वर्षे लोटली. मुलगी शिक्षणासाठी पुण्यास असते. सुट्टीत घरी आली, की दिवेलागणीला तीच विचारते, “प्रार्थनेची वेळ झाली का?” आम्ही “हो, झाली” म्हणतो आणि बसतो.