वहीतले ठिपके आणि मधली रेघ

तायांनो, गणपती असो की दिवाळी, फराळाचा स्टॉल लावायचा म्हटलं की गटात एक प्रश्न हमखास निघतो: किती तास बसायचं? याचं उत्तर आपल्याच विक्रीच्या वहीत असतं.

समजा, चार दिवसांची नोंद अशी आहे:

२ तास – ८०० रुपये
४ तास – १,६०० रुपये
६ तास – १,९०० रुपये
८ तास – २,७०० रुपये

चौकटीच्या कागदावर आडवे तास आणि उभे रुपये मांडून चार ठिपके द्या. ठिपके वर चढत जातात. दोन आकडे असे जोडीनं बदलतात, त्याला सहसंबंध म्हणतात. एक वाढताना दुसरा कमी होत असेल, तर तो उलटा सहसंबंध.

आता सगळ्या ठिपक्यांना जमेल तितकी जवळची सरळ रेघ ओढा. ही रिग्रेशनची रेषा. आपल्या आकड्यांचा हिशोब केला तर ती येते: २५० रुपये, अधिक दर तासाला ३०० रुपये. म्हणजे ७ तासांना साधारण २,३५० रुपये. हा अंदाज आहे, हमी नाही. १४ तासांचा अंदाज यावरून काढू नका. तितका वेळ आपण बसलोच नाही. तासाच्या ३०० रुपयांतून सामान आणि बसणाऱ्या ताईची मजुरी सुटते का, ते बघून वेळ ठरवा.

सोबत दिसलं म्हणजे कारण नव्हे

आपल्या शेजारी देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच बघते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात, शाळेत न गेलेल्या आयांच्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी होती. बारा किंवा जास्त वर्षं शिकलेल्या आयांच्या मुलांत हेच प्रमाण २६ टक्के. मग न शिकलेल्या आईलाच दोष द्यायचा का? नाही. अशा घरात बहुतेकदा पैसा, चांगलं पाणी, संडास यांचीही ओढाताण असते.

कर्ज देतानाही हे लक्षात ठेवा. बैठकीला गैरहजर राहणाऱ्यांचे हप्ते थकतात, असं वहीत दिसेलही. पण घरात आजारपण असेल तर बैठकही चुकते आणि हप्ताही. रेघ सगळ्यांची मिळून असते, एकटीची अडचण ती सांगत नाही. म्हणून अर्ज बाजूला ठेवण्याआधी त्या ताईला विचारा.