घरातील कीड : घरचा इलाज कुठवर आणि पेस्ट कंट्रोलवाला कधी?

आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा कापड, लाकूड, धान्य किंवा कागद यांपैकी एखाद्या वस्तूवर चालतो, आणि किडीचेही पोट नेमके याच वस्तूंवर भरते. त्यात खाली दुकान वर बिऱ्हाड, पुढे यंत्रमाग मागे स्वयंपाकघर, अशी राहणी भिवंडी-मालेगावपासून मुंबईच्या मोहल्ल्यांपर्यंत सर्वत्र दिसते. त्यामुळे गोदामातील वाळवी घराच्या चौकटीत शिरते आणि घरातील झुरळे मालाच्या गाठीत जातात. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा रमजानपूर्वीच्या साफसफाईत दरवर्षी तोच प्रश्न निघतो. बाजारातून औषध आणून आपणच मारावे, की पैसे मोजून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावे?

बहुतेक लोक हा प्रश्न फक्त पैशाच्या हिशेबाने सोडवतात. हा हिशेब अपुरा आहे. आधी दोन गोष्टी पाहाव्यात: कीड राहते कुठे, आणि तिला मारणारे विष कोणते? कीड हाताच्या आवाक्यात आणि विष सौम्य असेल, तर घरचा इलाज पुरतो. कीड भिंतीच्या किंवा जमिनीच्या पोटात असेल, किंवा विष वायुरूप असेल, तर ते काम परवानाधारकाचेच आहे. तिसरा मार्गही पुष्कळ लोक धरतात. कोणा ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात जहाल विष आणून घरात ठेवतात. हा मार्ग जिवावर बेततो.

झुरळे आणि कसर : घरचा इलाज पुरतो

स्वयंपाकघरातील लहान तपकिरी झुरळाची मादी एका कोशात तीस ते चाळीस अंडी बाळगते. फवारा मारला की समोर दिसणारी झुरळे मरतात, कोशातील अंडी मात्र वाचतात. म्हणून महिनाभराने पुन्हा तीच फौज उभी राहते. यापेक्षा नळीतून मिळणारे जेल बरे. कपाटाच्या बिजागऱ्या, सिंकची खालची बाजू, फ्रीजची मागची बाजू येथे मोहरीच्या दाण्याएवढे ठिपके लावावेत. झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरते आणि त्याची विष्ठा किंवा मेलेले अंग खाणारी दुसरी झुरळेही मरतात. मात्र जेल लावल्यावर त्याच जागी फवारा मारू नये, कारण फवाऱ्याच्या वासाने झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. कणीक, साखर आणि बोरिक पावडर यांच्या गोळ्या हा जुना इलाजही चालतो, फक्त सावकाश. त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. आणि रात्री सिंक कोरडे ठेवावे. पाणी तुटले की झुरळाचे अर्धे बळ जाते.

कापडवाल्यांनी कसरीचे दोन प्रकार ओळखावेत. चंदेरी रंगाचा, सरपटत पळणारा किडा सुती कापडाची खळ आणि कागदाचा डिंक खातो. त्याला दमट जागा लागते. दुसरी लोकरीची कसर, म्हणजे लहान पतंगाची अळी. ती लोकर आणि रेशीम खाते. लग्नाच्या रेशमी साड्या, शाली, लोकरी जानमाज यांना भोके पडतात ती तिच्यामुळे. माल धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पेटीत ठेवणे हा पहिला उपाय. डाग आणि घाम लागलेले कापड कसरीला अधिक आवडते. कापडावर तेलकट फवारा कधीही मारू नये. कीड मरेल, पण डाग कायमचा राहील.

डांबरगोळ्यांबद्दल एक महत्त्वाची सूचना. काही बालकांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची कमतरता असते. नॅफ्थॅलीनच्या वासाने अशा बालकाच्या लाल पेशी फुटतात आणि त्याला गंभीर कावीळ होते. म्हणून डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली तान्ह्या मुलासाठी थेट पेटीतून काढून वापरू नयेत, आणि त्याच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत.

ढेकूण : मधला मामला

ढेकूण एका खाटेत असतील तर घरी आटोक्यात येतात. चादरी, अभ्रे कडक गरम पाण्यात धुवावेत, लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, गादीच्या शिवणी तपासाव्यात. पन्नास अंशांच्या वर उष्णता नीट पोहोचली तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. नुसते ऊन भरवशाचे नाही, कारण गादीतील ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. रॉकेल तर वापरूच नये. मागाच्या खात्यात रुईचे तंतू उडत असतात, तेथे एक ठिणगी पुरेशी आहे.

ढेकूण दुसऱ्या खोलीत किंवा भिंतीच्या भेगांत गेले असतील, तर माणूस बोलवावा. अनेक ठिकाणी ढेकणांना नेहमीच्या फवाऱ्यांची सवय झाली आहे आणि ते दाद देत नाहीत. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागते. एकाच फेरीत काम संपवून देतो म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नये.

वाळवी : येथे काटकसर करू नये

चौकटीवर मातीची नळी दिसली की लोक ती खरवडून रॉकेल लावतात. दिसणारी वाळवी मरते, पण तिचे वारूळ जमिनीत असते आणि तेथील राणी दिवसाला हजारो अंडी घालते. शाखा बंद झाली, पेढी चालूच राहिली. काही महिन्यांनी वाळवी दुसऱ्या भिंतीतून निघते, आणि तोवर चौकट आतून पोकळ झालेली असते.

वाळवीच्या कामासाठी आय.एस. ६३१३ हे भारतीय मानक आहे. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्याजवळ सुमारे फूटफूट अंतरावर भोके पाडून त्यांत औषध सोडतात आणि भोके बंद करतात. त्याला यंत्र, मोजमाप आणि विजेच्या तारा व नळ कुठून गेले आहेत याची जाण लागते. फक्त वरून फवारा मारून जाणाऱ्याने वाळवीचे काम केलेच नाही असे समजावे.

आपल्या हाती आहे ते इतके: गळके नळ दुरुस्त करावेत, लाकडी भंगार भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि कापडाच्या गाठी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचाव्यात. मधली जागा मोकळी असली की मातीची नळी पहिल्याच आठवड्यात दिसते.

ती गोळी घरात आणू नये

सल्फास म्हणून लोक ओळखतात ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी धान्याच्या गोदामासाठी आहे. हवेतील ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन हा वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. हा वायू दाराच्या फटीतून, पाइपच्या भोकातून शेजारच्या खोलीत जातो. गोळी ठेवणारा कुलूप लावून गावी जातो आणि शेजारी झोपेत सापडतो. म्हणूनच कायद्याने ही गोळी सर्वसामान्य माणसाला वापरण्यास मनाई आहे.

कंपनीचा माणूस आला म्हणून निश्चिंत होऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळील कुंद्रतूर येथे कंपनीच्या माणसांनी घरात उंदरांचे विष ठेवले. रात्री तेथेच झोपलेल्या कुटुंबातील दोन लहान मुले दगावली आणि आईवडील इस्पितळात गेले. माणसे राहतात त्या घरात वायू सोडणारे औषध कोणी ठेवू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

जुन्या बाटल्यांचेही तसेच. गॅमेक्सिन म्हणून ओळखली जाणारी बी.एच.सी. पावडर १९९७ पासून बंद आहे. नुवान या नावाने घरोघरी पोहोचलेल्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. माळ्यावर अशी बाटली असेल तर ती वापरू नये आणि गटारातही ओतू नये.

व्यवहार पक्का कसा करावा?

१) पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. महाराष्ट्रात तो कृषी खाते देते. परवाना आणि त्याची मुदत स्वतः पाहावी.

२) कोणते औषध, किती प्रमाणात, हे पावतीवर लिहून घ्यावे. बाटली सीलबंद आणावी, आपल्यासमोर फोडावी.

३) डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि शेवटी हिरवा. स्वतः वापरण्यासाठी लाल व पिवळा घेऊ नये.

४) किती तास घराबाहेर राहायचे, हे आधी विचारावे. गरोदर बाई, तान्हे मूल, दम्याचा रुग्ण घरात असेल तर तसे सांगावे.

५) वाळवीच्या कामाची हमी काही वर्षांची असते. ती कागदावर असावी, आणि कीड परत आल्यास फेरी मोफत की पैसे घेऊन, हेही त्यात असावे.

६) औषधानंतर उलटी, चक्कर, दम लागणे असे काही झाल्यास माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि डबा सोबत घेऊन लगेच इस्पितळ गाठावे. डॉक्टरांना विषाचे नाव कळणे फार गरजेचे असते.

सूत विकत घेताना आपण काउंट पाहतो, वजन करतो, बिल मागतो. घरात येणाऱ्या विषाची चौकशीही तितक्याच बारकाईने व्हावी. माल खराब झाला तर पुढच्या हंगामात भरून निघतो. घरातील माणसांचे तसे नाही.