संगणक मोजले, मुले कोण मोजणार?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नुकतेच सभासद म्हणून तेथे गेले होते. त्यांनी आकडेच सरकारपुढे मांडले. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल होतात, त्यांतली चौथीपर्यंत अवघी १८ पोहोचतात आणि बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हेही त्यांनी सुनावले. मग समाजाचे चार गट पाडून सांगितले की, मागासवर्ग लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि प्राथमिक शिक्षणात चौथ्या, म्हणजे शेवटच्या.

शाळा किती उघडल्या, पटावर नावे किती लागली, एवढ्यावर बाबासाहेब समाधान मानणारे नव्हते. दाखल झालेल्या मुलाचे पुढे काय झाले? आणि ते मूल कोणाचे होते? हे दोन प्रश्न त्यांनी विचारले. आज जवळजवळ शंभर वर्षांनी जिल्हा परिषदांच्या शाळांत संगणक, प्रोजेक्टर, टॅब आणि मोठे पडदे येत आहेत. तेथे हे दोन प्रश्न कोण विचारतो?

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्याने नव्या विद्येकडे पाठ फिरवावी असे कोणी सांगत असेल तर त्याचा हेतू तपासावा लागेल. शहरातल्या महागड्या शाळेतले मूल जे शिकते ते वस्तीतल्या मुलानेही शिकलेच पाहिजे. आमची तक्रार हिशेबाबद्दल आहे. देशातल्या शाळांच्या २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीत संगणक असलेल्या शाळा ५७.२ टक्के आणि इंटरनेट असलेल्या ५३.९ टक्के आहेत. हे आकडे शाळांनी भरलेल्या माहितीवरून निघतात. आठवड्यातून किती तास मूल त्या संगणकापुढे बसले आणि त्यातून काय शिकले, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही. यंत्र पोहोचले की योजना यशस्वी, असा कारभार चालू आहे.

असा कारभार कुठे नेतो हे पाहायचे तर शेजारच्या बडोद्याकडे पाहावे. तेथे २००० साली गुजरात सरकारने महापालिकेच्या सुमारे शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. कागदावर योजना पूर्ण झाली. २००२ मध्ये ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली तेव्हा मुलांना त्यांचा फारसा उपयोग होत नसल्याचे दिसले. चालवणारे कोणी नाही म्हणून कित्येक संगणक खोक्यांतच पडून होते. मग संस्थेने स्थानिक तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन नेमले आणि चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे असे बसवून गणिताचे खेळ दिले. याचे मूल्यमापन करताना काही शाळांत उपक्रम चालवला, काहींत चालवला नाही, आणि दोन्हींकडच्या मुलांची परीक्षा घेतली. उपक्रमातल्या मुलांचे गणित चांगलेच सुधारले. भाषेत मात्र फरक पडला नाही, आणि वर्षभरानंतर गणितातला बराचसा फायदाही ओसरला.

याच अभ्यासात दुसरा एक उपक्रम तपासला गेला. बडोद्यात आणि आपल्या मुंबईत वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमले होते. वर्गात मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून त्या रोज वाचन आणि गणित शिकवत. खर्चाच्या मानाने बालसखीचा उपक्रम संगणकापेक्षा पाच ते सात पट परिणामकारक ठरला. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे एक लेखक अभिजित बॅनर्जी आणि दुसऱ्या लेखिका एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या वर्तमानपत्रांनी नोबेलची बातमी पहिल्या पानावर छापली. वस्तीतली शिकलेली मुलगी वस्तीतल्या मुलांना शिकवते तेव्हा काय घडते, ही बातमी मात्र मागेच राहिली. सावित्रीबाईंच्या लेकींना त्यात नवल वाटणार नाही.

गुजरातमध्येच आणखी एक तपासणी झाली. संगणक शाळेच्या वेळात, शिक्षिकेच्या तासाच्या जागी दिला तेव्हा मुले मागे पडली. तोच संगणक शाळा सुटल्यावर जादा वेळ म्हणून दिला तेव्हा कच्च्या मुलांना फायदा झाला. यंत्र तेच होते, फक्त वेळ बदलली. म्हणून नियोजनाचा पहिला प्रश्न असा की, संगणक शिक्षकाच्या जोडीला येतो आहे की शिक्षकाच्या जागेवर? ज्या जिल्ह्यात शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत तेथे पडदा लावून ती पोकळी झाकता येईल असे कोणाला वाटत असेल, तर त्याची किंमत आपली मुले मोजणार आहेत.

दूरच्या पेरू देशानेही हा धडा घेतला. तेथील सरकारने गरीब मुलांसाठी आठ लाखांवर छोटे लॅपटॉप घेतले. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या वाडीवर २००७ मध्ये याच लॅपटॉपचा प्रयोग झाला होता. पेरूच्या ३१९ ग्रामीण शाळांची तपासणी झाली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आले. तर्कशक्तीच्या चाचण्यांत थोडी भर दिसली, पण एकेका मुलामागे एकाहून अधिक संगणक असूनही गणितात आणि भाषेत काही सुधारणा दिसली नाही. पेरूने निदान तपासून पाहिले. आपल्या किती जिल्ह्यांनी पाहिले?

महाराष्ट्रात २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय आला आणि गावोगावी ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहू लागल्या. अनेक शिक्षकांनी पदरमोड केली, त्यांचे श्रम आम्ही नाकारत नाही. पण पैसा कुठून आला? मुख्यतः लोकवर्गणीतून. ज्या गावात बागायतदार आहेत तेथे वर्गणी जमते. ऊसतोडीला जाणारी माणसे ज्या वाडीत राहतात तेथे ती कोण देणार? समग्र शिक्षा योजनेत स्मार्ट वर्गखोलीसाठी २ लाख ४० हजार आणि संगणक प्रयोगशाळेसाठी ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली, पण ती सहावी ते बारावीच्या शाळांसाठी. चौथीपर्यंतची वाडीवरची शाळा तिच्यात बसतच नाही. वर वीजबिल थकले म्हणून शाळेची जोडणी तोडल्याच्या बातम्या कित्येक जिल्ह्यांतून येऊन गेल्या. वीज नसलेली ‘डिजिटल शाळा’ हा कागदी विकासाचा चांगलाच नमुना आहे.

कोरोनाच्या काळाने तर सगळे उघडे पाडले. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १४०० कुटुंबांची पाहणी झाली. ग्रामीण भागातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांपैकी फक्त ४ टक्के नियमित ऑनलाइन शिकत होती. त्याच वस्त्यांतल्या इतर ग्रामीण मुलांत हे प्रमाण १५ टक्के होते. गरिबीतही जात अशी वेगळी उठून दिसते. जिल्ह्याची एकच सरासरी काढली की हा फरक दिसेनासा होतो. म्हणूनच बाबासाहेबांनी सरासरीवर न थांबता गट पाडून आकडे मांडले होते.

तेव्हा जिल्हा परिषदेने आणि जिल्हा नियोजन समितीने खरेदीची निविदा काढण्याआधी काही गोष्टी लिहून जाहीर कराव्यात. कोणत्या इयत्तेच्या मुलाची कोणती अडचण हे यंत्र सोडवणार? तेवढ्याच पैशात एखादी बालसखी नेमली तर काय मिळेल? वीज, दुरुस्ती आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा पाच वर्षांचा खर्च कोण करणार? खरेदीपूर्वी आणि वर्षाअखेर मुलांची वाचन-गणिताची तपासणी कोण करणार? विकणाऱ्या कंपनीनेच स्वतःला दाखला देऊ नये. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे, निकाल मुली-मुलगे, जात-जमात आणि वाडी-वस्ती असे वेगवेगळे काढून ग्रामसभेत वाचून दाखवणार की नाही? अनुसूचित जातीच्या विकासनिधीतून पैसा खर्च झाला असेल, तर तो कोणत्या वस्तीतल्या कोणत्या शाळेला पोहोचला हे सांगणे प्रशासनाचे कर्तव्य आहे.

हे विचारण्याचा अधिकार आपल्याला कायद्यानेच दिला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असते. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदानाचे नियोजन त्या आराखड्यावर व्हावे असे कायदा म्हणतो. पण किती ठिकाणी आपली माता-भगिनी त्या समितीत नुसती अंगठ्यापुरती किंवा सहीपुरती असते? सभेची तारीखही तिला कळत नाही.

जयंतीच्या मिरवणुकीला आपण हजारोंनी जमतो. त्यातले चार कार्यकर्ते एका दिवशी शाळेत जावोत. संगणकाचे कपाट उघडायला सांगावे, तो सुरू होतो का ते पाहावे, आणि मग चौथीतल्या मुलाच्या हाती पुस्तक देऊन त्याला वाचायला सांगावे. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. ८२ मुलांचे काय झाले, हा प्रश्न बाबासाहेबांनी कायदेमंडळात विचारला होता. तो गावच्या शाळेत विचारणे आता आपले काम आहे.