बुलेटचे तेल कोठून गळते?

जुन्या बुलेटखाली सकाळी तेलाचे डबके दिसले, की मालक मेकॅनिक गाठतो आणि मेकॅनिक गॅस्केट बदलतो. आठवड्याने डबके पुन्हा हजर! 1955 साली मद्रासला जिची जुळणी सुरू झाली, त्या बिडाच्या सिलिंडरच्या गाडीचा दोष पुष्कळदा सांध्यात नसून श्वासात असतो. दट्ट्या खाली येताना क्रँककेसमधील हवा दाबली जाते; तिने ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडावे, अशी योजना आहे. नळीच्या टोकाचे चोचीसारखे रबर कडक झाले किंवा नळी तुंबली, की कोंडलेली हवा मिळेल त्या फटीतून तेल बाहेर लोटते.

म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी ते डिझेलने धुऊन कोरडे करावे, वर टाल्कम पावडर भुरभुरावी (घरच्यांची परवानगी घेऊन!) आणि गाडी स्टँडवरच थोडा वेळ चालू ठेवावी. पहिली ओली रेघ जेथे उमटेल, तेथे गळतीचा उगम.

प्रायमरी चेनचे झाकण मधल्या एकाच नटावर बसते. तो जोराने आवळल्यास झाकण वाकते आणि गळती वाढते. सर्वांत घातक उपाय म्हणजे सांध्यांना भरमसाट चिकटद्रव्य फासणे. त्याचा तुकडा तेलमार्गात अडकला, की थेंबांच्या दुरुस्तीची बिग-एंडची दुरुस्ती होऊन बसते.