झोपेची तपासणी आपल्याच अंथरुणात

रात्रीची जेवणे आटोपली, दिवे मालवले, की घटकाभरात घरातल्या कोणाचे तरी घोरणे सुरू होते. दिवसभर उसाला पाणी धरले, दमून गाढ झोपले आहेत, असे म्हणून आपण कूस बदलतो. पण एखाद्या रात्री जागी राहिलेली घरधनीण कान देऊन ऐकते, तेव्हा तिला वेगळेच जाणवते. घोरणे मध्येच थांबते. खोली एकदम शांत होते. दहा, पंधरा, वीस अंक मोजून होतात तरी श्वास ऐकू येत नाही. मग बुडता माणूस पाण्याबाहेर डोके काढतो तसा मोठा आवाज होतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. सकाळी तिने हे सांगितले तर “मला तर काहीच ठाऊक नाही” असे उत्तर मिळते.

ते उत्तर खरेच असते. झोपलेल्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. या दुखण्यात रोगी एक आणि साक्षीदार दुसरा, अशी गत असते.

डॉक्टर या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत आपल्या घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बंद होते. छाती आणि पोट धडपडतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन घसा मोकळा करतो. निदान दहा सेकंद श्वास थांबला किंवा फार मंदावला, तर त्याची एक नोंद धरतात. मोठ्या माणसात तासाला पाचाहून कमी नोंदी झाल्या तर काळजीचे कारण मानत नाहीत. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा श्वास अडणे! अशा माणसाने आठ तास अंथरुणात काढले तरी सकाळी डोके जड असते, दुपारी पेंग येते, स्वभाव चिडचिडा होतो. रक्तदाब गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नाही. आणि ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला क्षणभर डुलकी लागली तर काय होते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

यावर इलाज आहे. वजन उतरवणे, दारू सोडणे आणि कुशीवर झोपणे यांचा उपयोग होतो. दुखणे जास्त असेल तर झोपताना नाकावर मुखवटा लावून दाबाने हवा देणारे यंत्र वापरतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय १९८१ साली जगापुढे मांडला. पण इलाजाआधी निदान हवे आणि निदानासाठी रात्रीची झोप तपासावी लागते. बहुतेकांचे पाऊल इथेच अडते.

मोठ्या दवाखान्यात ही तपासणी करतात, तेव्हा रोग्याला रात्री तिथेच झोपावे लागते. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला आणि पायांना तारा चिकटवतात. नाकाशी नळी, छातीपोटाला पट्टे, बोटाला चिमटा. शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ रात्रभर लक्ष ठेवून असतो. तपासणी पक्की होते, पण लोकांच्या अडचणी तुम्हीही ओळखाल. परक्या खाटेवर झोप कशी लागायची? कोणी आपल्याकडे पाहत असताना डोळा कसा मिटायचा? पहाटेच्या धारा कोण काढणार? शहरात जाण्यायेण्याचा, सोबतच्या माणसाचा खर्च वेगळाच. म्हणून चिठ्ठी लिहून घेतलेली असते आणि दुखणे मात्र वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

आता मोठ्या माणसांची ही तपासणी अनेकदा घरीही करता येते. यंत्र मुठीत मावेल एवढे असते आणि ते पट्ट्याने छातीवर बांधतात. एक बारीक नळी नाकाशी, एक चिमटा बोटाला. काही यंत्रे तर घड्याळासारखी मनगटावर बांधायची असतात. बोटाचा चिमटा तुमच्या ओळखीचाच आहे. रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या या साधनामागचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले आणि २०२०-२१ च्या कोरोनाच्या दिवसांत ते आपल्या खेड्यापाड्यांत पोचले. घरची तपासणी आपल्याकडे अगदी नवी आहे असेही नाही. मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २५० जणांची रात्रीची तपासणी घरीच झाली होती. शंभरात सुमारे १९ ते २० जणांच्या श्वासात झोपेत बिघाड असावा आणि ७ ते ८ जणांना त्याच्या जोडीने दिवसाही झोप येत असावी, असा अंदाज त्यातून निघाला.

घरी तपासणी केलेल्यांशी बोलले, की दोन्ही बाजू ऐकू येतात. बहुतेकांना घरचे अंथरूण बरे वाटते. आपली उशी, आपला पंखा, रात्री उठावे लागले तर आपलेच न्हाणीघर. नेहमीसारखी झोप लागली म्हणजे नेहमीसारखाच रोगही दिसतो, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. परक्या जागी पहिल्या रात्री झोप बदलते, हे डॉक्टरांनाही मान्य आहे.

दुसरी बाजू सांगणारेही आहेत. यंत्र हाती आले, पण पट्टा नीट बसला की नाही हे विचारायला रात्री अकराला कोण भेटणार? नळी निघेल या धास्तीनेच कित्येकांचा डोळा लागत नाही. कोणाचा चिमटा पहाटे गोधडीत सापडतो आणि सगळी रात्र फुकट जाऊन तपासणी पुन्हा करावी लागते. दवाखान्यात निदान नळी पुन्हा लावणारा माणूस तरी असतो, म्हणून काहींना दवाखानाच बरा वाटतो. यात चूक कोणाचीच नाही. ज्याला यंत्राची धास्ती वाटते त्याने ती डॉक्टरांना मोकळेपणी सांगावी.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. हे यंत्र बॅटरीवर चालते. ते फक्त नोंद घेते, अंगात काही सोडत नाही. रात्री वीज गेली तरी त्याचे काम थांबत नाही.

घरच्या तपासणीचा मोठा फायदा बायकांना आहे. बाई घोरते हे सांगायची घरात लाज वाटते, मग रात्रभर दवाखान्यात झोपायचे तर नावच नको. शिवाय बायकांच्या तक्रारी वेगळ्या वाटेने येतात. झोप न लागणे, सकाळी डोके दुखणे, सदा थकवा. कामाचा शीण किंवा रक्त कमी म्हणून त्या बाजूला सारल्या जातात. पाळी गेल्यानंतर हा विकार बायकांत वाढतो. अशा बाईला आपल्याच घरात, लेकीसुनेच्या मदतीने यंत्र बांधून झोपता आले, तर निदानाचे दार उघडते.

पण घरची तपासणी सर्वांना चालत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, स्नायूंची दुर्बलता असेल, अफूच्या जातीची वेदनाशामक औषधे कायम चालू असतील किंवा रात्ररात्र झोपच लागत नसेल, तर दवाखान्यातलीच तपासणी योग्य, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये सांगितले. चुलीच्या धुराने जिची छाती खराब झाली आहे, त्या माउलीने हे विशेष ध्यानात ठेवावे. लहान मुलांसाठीही घरची तपासणी पुरेशी धरत नाहीत.

आता त्या रात्रीची तयारी. पाण्याची पाळी किंवा रात्रीचे काम नसेल असा दिवस निवडा. यंत्र घेतानाच ते दवाखान्यात स्वतःच्या हाताने एकदा बांधून पाहा आणि बरोबर घरच्या कोणाला तरी न्या. चिमट्याच्या बोटावर नखपॉलिश किंवा मेंदी नको. त्या रात्री चेहऱ्याला तेल लावू नका, नाहीतर चिकटपट्टी सुटते. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नका. निजल्याची आणि उठल्याची वेळ कागदावर लिहा. निदान चार तासांची चांगली नोंद मिळाली पाहिजे, म्हणून रात्री उठलात तरी यंत्र काढू नका.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट अहवालाची. घरचे साधे यंत्र मेंदूच्या लहरी मोजत नाही, म्हणून तुम्ही किती वेळ झोपलात आणि किती वेळ नुसते पडून होतात, हे त्याला कळत नाही. जागेपणीचे तासही हिशेबात धरले जातात आणि दुखणे असते त्याहून हलके दिसू शकते. म्हणून अहवालात काही निघाले नाही तरी लगेच निर्धास्त होऊ नका. घरधनीण अजूनही सांगत असेल की श्वास थांबतो आणि दिवसाची पेंग कायम असेल, तर दवाखान्यातली तपासणी करून घ्या. एका घरच्या तपासणीत निदान झाले नाही तर पुढे दवाखान्यात तपासावे, असेच तज्ज्ञही सांगतात.

तेव्हा आज रात्री शेजारच्या अंथरुणातले घोरणे मध्येच थांबले, तर नुसती कूस बदलू नका. घड्याळाकडे पाहा, किती वेळ गेला ते ध्यानात ठेवा, मोबाईलवर आवाज टिपता आला तर टिपा. आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांना एकटे पाठवू नका. त्यांना विचारले तर ते “मला काही होत नाही” एवढेच सांगून परत येतील. रात्री काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तुम्हीही बरोबर जा.