वेळापत्रक कुठे मिळेल?

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी बंगळूरुतील एका मोठ्या रेल्वे स्थानकावर गेलो, ते गाडी पकडण्यासाठी नव्हे, तर एक पुस्तक विकत घेण्यासाठी. स्थानकाचे नाव सांगत नाही, कारण तेथे जे दिसले ते त्या एका स्थानकाचे वैगुण्य नाही. मला रेल्वेचे छापील वेळापत्रक हवे होते. पुस्तकांच्या स्टॉलवरील विक्रेत्याने सांगितले, की ते येणे बंद होऊन काही वर्षे लोटली. चौकशीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने माझ्या खिशातील फोनकडे बोट दाखवले. ‘सगळे त्यात आहे,’ तो म्हणाला.

माझ्या मागे साठीच्या घरातील एक बाई उभ्या होत्या. तुमकूरच्या पुढे निट्टूर नावाचे छोटे स्थानक आहे. पुढल्या आठवड्यात तेथे नातीचे बारसे होते. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा गाड्या कोणत्या, असे त्यांनी कन्नडमध्ये विचारले. कर्मचारी भला माणूस होता. ‘अम्मा, थांबा,’ म्हणत त्याने संगणकात पाहिले आणि आरक्षणाच्या एका कोऱ्या अर्जाच्या पाठीमागे तीन वेळा लिहून दिल्या. बाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘रविवारीही याच का?’ बारसे रविवारी होते. कर्मचारी पुन्हा संगणकाकडे वळला. रांगेत माझ्यासारखे आणखी दहा-बारा जण ताटकळत होते.

जुन्या छापील वेळापत्रकात या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या स्तंभाखाली, एका लहानशा टिपेत असे. हा लेख त्या टिपेविषयी आहे.

रेल्वे आणि छापील वेळापत्रक ही जुळी भावंडे. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्रॅडशॉ याने १८३९ मध्ये वेळापत्रकांचे पुस्तक काढले, आणि त्याचे आडनावच पुढे अशा पुस्तकांचे सामान्यनाम झाले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यानंतर आपल्याकडेही ही परंपरा आली. कोलकात्याहून निघणारे न्यूमनचे ‘इंडियन ब्रॅडशॉ’ अनेक पिढ्यांच्या प्रवाशांनी वापरले. स्वातंत्र्यानंतर प्रत्येक विभागीय रेल्वे आपापले वेळापत्रक छापू लागली, तर १९७७ पासून देशभरातील महत्त्वाच्या गाड्यांचे ‘ट्रेन्स ॲट अ ग्लान्स’ निघू लागले. दक्षिणेत हिगिनबॉथम्सच्या आणि उत्तरेत व पश्चिमेत व्हीलरच्या स्टॉलवर ते वर्तमानपत्राच्या शेजारी ठेवलेले असे. आज ‘ट्रेन्स ॲट अ ग्लान्स’ संपलेले नाही. त्याची एक आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. पण ते रेल्वेच्या संकेतस्थळावर आहे, फलाटावरील स्टॉलवर नाही.

आमच्या घरी ते दूरध्वनीच्या यादीशेजारी ठेवलेले असे आणि मुलांना ते वाचण्याची मुभा होती. मुंबईच्या नातेवाइकांकडे जाण्याचे दोन मार्ग मी त्यातच प्रथम पाहिले. एक गुंतकल, वाडी, सोलापूर असा, जेथून आजही उद्यान एक्स्प्रेस जाते. दुसरा हुबळी, बेळगाव, मिरज असा. त्या काळी या दुसऱ्या मार्गावर मिरजेला रुळांची रुंदी बदलत असे. मीटर गेजच्या गाडीतून आलेल्या प्रवाशाला तेथे उतरून पुण्याकडे जाणारी ब्रॉड गेजची गाडी धरावी लागे. दोन्ही गाड्यांमध्ये किती अवधी आहे, पहिली उशिरा आली तर पुढची कोणती, हे दोन कोष्टकांवर दोन बोटे ठेवली की कळत असे. मिरजेचा फलाट पाहण्याच्या कितीतरी आधी मला मिरज हे मोठे जंक्शन आहे हे ठाऊक होते.

हे स्मरणरंजन आहे असे वाचकाला वाटू शकेल. म्हणून दुसरी बाजू प्रथम मांडतो. मोबाइलवरील चौकशी यंत्रणा जे सांगते ते कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही: या क्षणी गाडी कुठे आहे, किती उशिरा धावते आहे, फलाट कोणता. गाड्यांच्या वेळा वारंवार बदलतात आणि छापलेले पुस्तक हातात पडेपर्यंत शिळे होते. कागदाचा, छपाईचा, वाहतुकीचा खर्च आहे. न विकलेल्या प्रतींची रद्दी होते. मी स्वतः प्रवासाला निघताना फोनच पाहतो. आरक्षण करून दूरच्या गाडीने जाणाऱ्या माझ्यासारख्या प्रवाशाचे छापील पुस्तकावाचून फारसे अडत नाही.

पण रेल्वे माझ्यासारख्यांवर चालत नाही. तिचे बहुसंख्य प्रवासी आरक्षणाविना, जनरल डब्यातून किंवा लोकल-पॅसेंजरमधून जातात. बंगळूरुत रोज सकाळी बंगारपेट, रामनगर, मंड्या, तुमकूर, हिंदुपूर या बाजूंनी कामगार, विद्यार्थी, भाजीविक्रेते येतात आणि रात्री परततात. या गाड्यांचा तपशील ‘ट्रेन्स ॲट अ ग्लान्स’मध्ये पूर्वीही फारसा नसे, तो विभागीय वेळापत्रकांत असे. म्हणजे ज्या पुस्तकाची सर्वाधिक गरज लहान स्थानकाच्या प्रवाशाला होती, नेमके तेच हातातून गेले. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, आणि नंतर त्या ‘विशेष’ म्हणून, क्रमांकाआधी शून्य लावून हळूहळू सुरू झाल्या. त्या काळात लहान स्थानकांवरील अनेक थांबे गेले. कोणता थांबा तात्पुरता गेला आणि कोणता कायमचा, हे त्या गावाने कुठे पाहायचे?

बंगळूरुच्या बाबतीत गोंधळाला आणखी एक कारण आहे. क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानक, यशवंतपूर, कँटोन्मेंट आणि जून २०२२ पासून बैयप्पनहळ्ळीचे सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल, अशा निरनिराळ्या ठिकाणांहून गाड्या सुटतात. गावाहून आलेला माणूस मॅजेस्टिकला उतरतो आणि त्याची गाडी शहराच्या पूर्व भागातून सुटणार असते. शहरातील सगळ्या स्थानकांचे एक पान, ‘कुठली गाडी कुठून’ एवढेच सांगणारे, भिंतीवर असले तरी कित्येकांची गाडी चुकणार नाही.

तरीही माझा मुख्य मुद्दा सोयीचा नाही. फोन आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. अमुक गावाहून तमुक गावी, अमुक दिवशी. पुस्तक न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देते: या मार्गावर दिवसभरात किती गाड्या आहेत, माझ्या तालुक्याच्या स्थानकावर किती थांबतात आणि शेजारच्या तालुक्यात किती, दुपारी अकरा ते चार या वेळेत एकही का नाही. पहिला माणूस ग्राहक असतो. दुसरा नागरिक होऊ शकतो. खासदाराकडे थांब्याची मागणी घेऊन जाणाऱ्या प्रवासी संघटनांच्या हाती वर्षानुवर्षे हेच कोष्टक असे.

शिवाय छापलेले वेळापत्रक हे दिनांकित वचन असते. मागच्या वर्षीचे आणि या वर्षीचे पुस्तक शेजारी ठेवले, की कोणती गाडी वेगवान झाली, कोणती मंदावली, कोणता थांबा गळाला हे कोणालाही दिसते. संकेतस्थळावर नवी वेळ जुन्या वेळेवर लिहिली जाते. जुनी वेळ मागे उरत नाही. हा फरक क्षुल्लक नाही. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ‘मिशन रफ्तार’ जाहीर झाले. उपनगरी सेवा वगळता प्रवासी गाड्यांचा सरासरी वेग पाच वर्षांत ताशी २५ किलोमीटरने वाढवण्याचे उद्दिष्ट होते. पुढे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले, की २०१९-२० मध्ये मेल-एक्स्प्रेस गाड्यांचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच होता. हे सांगायला महालेखापरीक्षक लागले. सामान्य प्रवाशाला ते आपल्या एका गाडीपुरते तरी स्वतः पडताळता यायला हवे. १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला; रेल्वेने देशासमोर वर्षातून एकदा सविस्तर हिशेब देण्याचा तो प्रसंग गेला. वेळापत्रकाचे पुस्तक गेल्याने दुसरा, लहान पण अधिक घरगुती हिशेबही गेला.

याविषयी कायदा काय म्हणतो? रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ४९ नुसार प्रत्येक स्थानकावर, सहज दिसेल व पोहोचता येईल अशा जागी, तेथे थांबणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळांचा तक्ता हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातील प्रादेशिक भाषेत लावणे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक आहे. जेथे तिकिटे मिळतात अशा प्रत्येक स्थानकात लागू वेळापत्रकाची एक प्रत स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात ठेवायची आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ त्याही पुढे जाते. सार्वजनिक माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे माध्यम यांचा विचार व्हावा, असे ते सांगते. निट्टूरला जाणाऱ्या त्या बाईंसाठी परिणामकारक माध्यम कोणते, याचे उत्तर मला रांगेत मिळाले: कन्नडमध्ये वाचता येईल असा, रविवारची टीप असलेला कागद.

इतर देशांचे अनुभव एकाच दिशेला जात नाहीत. १८७३ मध्ये सुरू झालेले थॉमस कुकचे युरोपीय वेळापत्रक २०१३ मध्ये बंद झाले. त्याच्याच माजी संपादकीय कर्मचाऱ्यांनी पुढच्या वर्षी ते स्वतंत्रपणे पुन्हा काढले. जपानमध्ये रेल्वे मिनिटांच्या काट्यावर चालते आणि तंत्रज्ञानाची वानवा नाही. तेथे १९२५ पासूनचे मासिक वेळापत्रक आजही जाडजूड पुस्तकाच्या रूपात छापले जाते. तंत्रज्ञान आले म्हणून कागद आपोआप जात नाही. तो काढून घ्यायचा की ठेवायचा, हा प्रशासनाचा निर्णय असतो, आणि निर्णय असेल तर त्याचे कारण विचारता येते.

माझी मागणी पूर्वीसारखी लाखो पुस्तके छापण्याची नाही. तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, कलम ४९ चे तंतोतंत पालन: प्रत्येक स्थानकावर तीन भाषांत, लागू तारखेसह वाचता येईल असा तक्ता, आणि विभागीय अधिकाऱ्यांच्या तपासणीत स्वच्छतागृहांइतकेच त्याला महत्त्व. दुसरी, विभागीय वेळापत्रकाची किंवा त्यातील हव्या त्या पानांची छापील प्रत तिकीट खिडकीवर छपाईच्या खर्चात मिळावी. रोज हजारो तिकिटे छापणाऱ्या यंत्रणेला चार पाने छापणे जड नाही. तिसरी, प्रत्येक आवृत्ती तारखेनिशी, न बदलता, सार्वजनिक संग्रहात राहावी. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व आणखी तीन ग्रंथालयांत जमा होते. मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. पण जे छापलेच नाही, ते या मार्गाने तेथे पोहोचणार कसे? शंभर वर्षांनी आपल्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला ब्रिटिश काळातील गाडी मिरजेला किती वाजता येई हे सांगता येईल. आपल्या काळातील कदाचित नाही.

त्या सकाळी कर्मचाऱ्याने दुसऱ्यांदा संगणक पाहून तीनपैकी एका वेळेवर काट मारली. रविवारी ती गाडी नव्हती. बाईंनी कागदाची घडी घालून ती कमरेच्या चंचीत ठेवली आणि त्या निघून गेल्या. खिडकीपुढे आता मी होतो. मागे रांग वाढली होती, आणि बहुतेकांना वेळाच विचारायच्या होत्या.