पिन आजीनेच दाबावा!

जिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्या महाड-पोलादपुरात आपली वडीलधारी माणसे मोबाईलवरून पैसे देण्यासाठी नातवाच्या तोंडाकडे पाहतात. हे परावलंबन संपले पाहिजे. ३० डिसेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘भीम’ ॲपला तर बाबासाहेबांचेच नाव आहे!

तरुणांनो, रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास द्या. फोन आजीच्याच हाती ठेवा. सरावाला घरातल्याच कुणाला एक रुपया पाठवू द्या. आधी नाव तपासावे, मग रक्कम, शेवटी पिन. तो नातवालाही सांगू नये. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मागेल तो ठग! फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवावे. निराधार योजनेचा पैसा तिचा, पिनही तिचाच. जयभीम!